पासपोर्ट इंडोनेशियाचा, घर गुहागरचे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. जगातील व्यापारी जहाजांना माणसे पुरवणाऱ्या मोठ्या देशांत भारत आणि इंडोनेशिया हे दोन्ही देश येतात. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरचा मुलगा आणि सुराबाया किंवा मकास्सरचा मुलगा एकाच बोटीवर महिनोन्‌महिने शेजारी राहतात. त्यातून मैत्री होते, क्वचित सोयरीकही जुळते. पुढे सगळ्यांनी मिळून कोठे फिरायला जायचे ठरले, की एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट असल्याची आठवण होते आणि आमच्याकडे पत्र येते.

प्रश्न : माझा मुलगा बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी त्याचे लग्न सुराबायाच्या मुलीशी तिकडेच झाले आणि तेव्हापासून सूनबाई आमच्याकडेच राहतात. नातू दोन वर्षांचा आहे. येत्या मे महिन्यात आम्ही पाचही जणांनी एका सहल कंपनीबरोबर स्वित्झर्लंड आणि फ्रान्सला जायचे ठरवले आहे. कंपनीचे म्हणणे असे, की आमचे चौघांचे व्हिसा मुंबईतून होतील, परंतु सूनबाई इंडोनेशियाच्या नागरिक असल्यामुळे त्यांनी जकार्ताला जाऊन अर्ज करावा. हे खरे आहे काय? – एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : खरे नाही. शेंगेन देशांचा, म्हणजे युरोपातील सामाईक व्हिसा असलेल्या देशांचा, पर्यटन व्हिसा कोठे मागायचा, हे अर्जदार कोणत्या देशाचा नागरिक आहे यावर ठरत नाही. तो कायदेशीररीत्या कोठे राहतो यावर ठरते. सूनबाई तीन वर्षे गुहागर तालुक्यात रीतसर राहत असतील तर त्यांचा अर्ज मुंबईतच व्हायला हवा, आणि जकार्ताला गेल्यास उलट तेथील अधिकारीच विचारतील की आपण राहता भारतात, मग अर्ज येथे का? सहल कंपनीला बहुधा परदेशी पासपोर्टाच्या अर्जाची सवय नाही आणि नसती जबाबदारी नको म्हणून तिने हा सोपा मार्ग सांगितला असावा. पाचही जणांचे अर्ज एकत्र, एकाच दिवशी, एकमेकांचा उल्लेख करून द्यावेत, म्हणजे हे एकच कुटुंब आहे हे अधिकाऱ्याला कागद उलटतानाच दिसते.

मात्र ‘रीतसर’ या शब्दावर येथे सगळा भार आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीला साधारणतः एंट्री व्हिसा, म्हणजे बोलण्यातला ‘एक्स व्हिसा’ मिळतो, आणि १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येथे राहायचे असल्यास परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. आपल्या जिल्ह्यात हे काम रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते आणि अर्ज ऑनलाइन होतो. या नोंदणीचा कागद हाच सूनबाईंच्या वास्तव्याचा पुरावा. त्यावरची मुदत सहलीहून परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी, अशी वकिलातींची अपेक्षा असते. म्हणजे सहल मे महिन्यात संपत असेल आणि भारताचा व्हिसा जूनमध्ये संपत असेल, तर आधी येथील मुदतवाढ घ्यावी आणि नंतरच युरोपच्या अर्जाला हात घालावा. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. त्यांचा भारताचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे की एकदाच प्रवेशाचा, हे आजच पासपोर्ट उघडून पाहावे. एकाच प्रवेशाचा असेल तर देशाबाहेर पाऊल टाकताच तो संपतो आणि परत येताना मुंबई विमानतळावर त्या परक्याच ठरतात. सहलीच्या उत्साहात ही बाब नजरेतून सुटते, आणि सुटली की फार महागात पडते.

लग्नाला तीन वर्षे झाली आहेत, त्यामुळे आणखी एक मार्ग मोकळा आहे. भारतीय नागरिकाशी झालेला, नोंदणी असलेला विवाह सलग दोन वर्षे टिकला असेल तर परदेशी पतीला किंवा पत्नीला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. ओसीआय म्हणजे भारताचे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे इंडोनेशियाचे नागरिकत्व सोडावे लागत नाही. हे कार्ड मिळाले की भारतात येण्या-जाण्याला आयुष्यभराची मुभा मिळते आणि वर सांगितलेली मुदतवाढीची यातायात संपते. परंतु मे महिन्यापूर्वी ते हाती येईल अशा भरवशावर बसू नये. यंदाची सहल एक्स व्हिसावरच करावी आणि ओसीआयचे काम परतल्यावर सावकाश हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

आता अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे पाहू. आपल्या सहलीत ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज जातो. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून शेंगेन क्षेत्रात प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. स्वित्झर्लंडमध्ये चार आणि फ्रान्समध्ये तीन मुक्काम असतील तर विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज स्वित्झर्लंडचाच. एकदा व्हिसा मिळाला की शेंगेनचे एकोणतीसही देश त्यावर फिरता येतात.

सूनबाईंचा पासपोर्ट नीट तपासून घ्यावा. तो गेल्या दहा वर्षांच्या आत दिलेला असावा, युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत, एवढे तर सर्वांनाच लागू आहे. इंडोनेशियाच्या पासपोर्टाबाबत मात्र एक खास भानगड आहे. त्या देशाने मध्यंतरी काही वर्षे असे पासपोर्ट छापले, ज्यांत धारकाच्या सहीसाठी जागाच नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मनीने असे पासपोर्ट स्वीकारण्यास नकार दिला, तेव्हा एकच गोंधळ उडाला आणि इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याला सहीचा अधिकृत शेरा आतल्या पानावर मारून देण्याची सोय करावी लागली. सूनबाईंच्या पासपोर्टात सही नसेल तर त्यांनी स्वतःच्या पेनाने कोठेही सही ठोकू नये; मुंबईत अल्टामाउंट रोडला इंडोनेशियाचे महावाणिज्य दूतावास आहे, तेथून शेरा घ्यावा. पासपोर्ट संपत आला असल्यास नवाही तेथूनच मिळतो. ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांना दहा वर्षांचा पासपोर्ट मिळू लागला आहे. त्याआधीचे पाच वर्षांचे असत, त्यामुळे सूनबाई तशा जुन्या पासपोर्टावर आल्या असतील तर त्याची मुदत आता जवळ आलेली असणार.

लग्न सुराबायात झाले असल्याने विवाहाचा दाखला इंडोनेशियन भाषेत असेल. त्याचे इंग्रजी भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावे आणि मूळ दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशांत चालणारा सरकारी शिक्का, घ्यावे. इंडोनेशियात अपोस्टिलचा करार ४ जून २०२२ पासून लागू झाला आहे. त्यापूर्वी कागद या खात्यातून त्या खात्यात आणि शेवटी वकिलातीत फिरवावा लागे, तो त्रास आता उरलेला नाही. हाच दाखला पुढे ओसीआयलाही लागणार आहे, म्हणून व्याह्यांना आताच कळवून तो तयार करून घेतलेला बरा. सूनबाईंना जाण्याची गरज नाही.

पैशाच्या पुराव्याबाबत बोटीवरच्या कुटुंबांची एक वेगळीच अडचण असते. आपला मुलगा वर्षातून १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहत असेल तर तो करासाठी अनिवासी ठरतो आणि बोटीवरचा पगार एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यात येत असल्यास त्यावर येथे कर लागत नाही. मग विवरणपत्रात उत्पन्न शून्य किंवा किरकोळ दिसते, तर बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याला डॉलर आलेले दिसतात. अधिकाऱ्याला हा मेळ आपोआप लागत नाही. म्हणून कंपनीचे पत्र, चालू किंवा नुकतेच संपलेले कॉन्ट्रॅक्ट, सीडीसीची (खलाशाच्या पुस्तकाची) पाने आणि पुढच्या जॉइनिंगची तारीख, एवढे एकत्र लावून एका पानाचे स्पष्टीकरण जोडावे. साइन ऑफ होऊन घरी बसलेला खलाशी कागदावर बेकार दिसतो. पुढच्या जॉइनिंगचे पत्र त्याला पुन्हा नोकरीत आणते. सूनबाईंचा खर्च पती करणार असल्याचे पत्र वेगळे द्यावे. त्या घरच्या आंब्याच्या किंवा कोकमाच्या व्यवसायात खरोखर काम करत असतील तर तेही लिहावे, नसतील तर ‘गृहिणी’ असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

पत्त्याविषयी एक सूचना कोकणातल्या माणसाने कोकणातल्या माणसाला करायची म्हणून करतो. आपल्याकडे एकाच घराला चार पत्ते असतात : आधार कार्डावर वाडीचे नाव, बँकेत फक्त ‘मु. पो.’, वीजबिलावर सर्व्हे नंबर आणि सूनबाईंच्या नोंदणीच्या कागदावर पोलिसांनी ऐकून लिहिले ते. चार कागदांवर एकच माणूस चार ठिकाणी राहतो असे परक्या अधिकाऱ्याला दिसले, तर दोष त्याचा नाही. अर्जात नोंदणीच्या कागदावरचा पत्ता अक्षरशः तसाच लिहावा आणि बाकीचे कागद शक्य तितके त्याला जुळवून घ्यावेत.

उरलेले थोडक्यात. शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखालील मुलांना काही नाही; त्यामुळे नातवाचे पैसे वाचले. अर्ज-केंद्राचा सेवा आकार वेगळा असतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा हवा. बोटांचे ठसे बारा वर्षांवरील सर्वांचे घेतात आणि ते ५९ महिने वापरता येतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबूही शकतो. मे महिन्यात अख्खा महाराष्ट्र युरोपला निघतो, त्यामुळे एप्रिलमध्ये मुंबईच्या केंद्रात वेळ मिळणे कठीण होते. फेब्रुवारीतच, आंब्याची धांदल सुरू होण्यापूर्वी, हे काम उरकावे. सूनबाईंचा पासपोर्ट त्या काळात वकिलातीत राहणार आहे, म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि नोंदणी यांच्या झेरॉक्स आणि अर्ज-केंद्राची पावती घरी हाताशी ठेवावी. सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची पद्धत आली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला रांग लांबते. विमान बदलण्यासाठी मधला वेळ जरा मोकळा ठेवावा.

जाता जाता : अमेरिकेनेही सप्टेंबर २०२५ पासून असेच धोरण घेतले आहे, की पर्यटन व्हिसाची मुलाखत नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यावी. त्यामुळे सूनबाईंना पुढे कधी तिकडे जायचे झाले तरी मुंबईतच अर्ज करता येईल, फक्त वास्तव्याचा कागद जिवंत असला पाहिजे.

प्रश्न : बोटीवरचा माझा एक इंडोनेशियन मित्र गणपतीत आमच्या घरी दहा दिवस येऊ इच्छितो. त्याच्याकडे खलाशाचे पुस्तक आहे, त्यावर भागेल काय? आम्हाला काही परवानगी काढावी लागेल काय? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खलाशाच्या पुस्तकावर भागणार नाही. बोट बंदरात असताना मिळणारी किनाऱ्यावर उतरण्याची मुभा वेगळी आणि पाहुणा म्हणून गणपतीला येणे वेगळे. आपल्या मित्राने भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा काढावा. मे २०१८ मध्ये पंतप्रधान जकार्ताला गेले असताना इंडोनेशियन नागरिकांना तीस दिवसांचा व्हिसा विनाशुल्क देण्याची घोषणा झाली होती, आणि सरकारच्या शुल्कतक्त्यात इंडोनेशियासमोर शून्य आहे. याचा अर्थ असा, की जे संकेतस्थळ आपल्या मित्राकडून साठ-सत्तर डॉलर मागेल ते सरकारी नव्हे. हुबेहूब दिसणारी अशी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा होतो, तेवढे पाहावे.

तीस दिवसांचा व्हिसा प्रवासाच्या तीस दिवस आधीपासून मागता येतो आणि किमान चार दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. पासपोर्ट सहा महिने वैध आणि दोन पाने कोरी हवीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चौकोनी छायाचित्र आणि पासपोर्टाचे पान स्वच्छ स्कॅन करून द्यावे. अंधुक छायाचित्रामुळेच बहुतेक अर्ज रखडतात. या व्हिसाला मुदतवाढ मिळत नाही आणि तो दुसऱ्या प्रकारात बदलताही येत नाही, त्यामुळे गणपतीला येऊन दिवाळी करून जातो म्हणाल तर ते जमणार नाही. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळ, बंदरे अशा नेमलेल्या ठिकाणांहूनच आत येता येते. गोव्याचे दाबोळी आणि मोपा हे दोन्ही त्यात आहेत, आणि सावंतवाडीला मोपाइतके सोयीचे दुसरे काय असणार! जिल्ह्यातला चिपी विमानतळ मात्र देशांतर्गत विमानांचा आहे. याशिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांनी आगमनाचे ऑनलाइन कार्ड येण्यापूर्वीच्या बहात्तर तासांत भरायचे आहे.

आपल्यावरची जबाबदारी एकच, पण ती विसरू नये. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला, मग तो पैसे देणारा पाहुणा असो वा सख्खा मित्र, तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन नोंदवायची असते. यालाच आजवर सी फॉर्म म्हणत आले. हॉटेलवाल्यांनाच हे लागू आहे असा आपल्याकडे पक्का समज आहे, तो चुकीचा आहे. पाहुणा येण्यापूर्वीच नोंदणीचे खाते उघडून ठेवावे, कारण चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरात कोणाला संगणकासमोर बसायला फुरसत नसते, आणि नेटवर्कची कृपा त्या दिवशी होईलच असे नाही.

मित्र बोटीवरचा आहे म्हणून एक इशारा : उपग्रहावर चालणारा फोन त्याने बरोबर आणू नये. भारतात परवान्याशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे आणि परदेशी पर्यटकांना त्यासाठी अटक झालेली आहे.

प्रश्न : माझ्या इंडोनेशियन व्याह्यांच्या पासपोर्टावर नावाचा एकच शब्द आहे, आडनाव नाही, वडिलांचे नावही नाही. व्हिसाच्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना कसा भरायचा? आम्ही त्यांना आमचे आडनाव लावावे काय? – एक वाचक, दापोली

उत्तर : कृपया लावू नये! एकच शब्द हे त्यांचे पूर्ण नाव आहे. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि सुहार्तो यांची नावे आठवा. जावा बेटावर ही जुनी रीत आहे. तेथील सरकारने २०२२ मध्ये नवीन नोंदींसाठी किमान दोन शब्दांचे नाव असावे असा नियम केला, परंतु आधीची नावे तशीच चालतात.

फॉर्म भरताना नियम एक : पासपोर्टाच्या माहितीच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्या यंत्राने वाचायच्या असतात. तेथे नाव जसे आहे तसेच फॉर्ममध्ये यावे. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये एकशब्दी नाव आडनावाच्या रकान्यात लिहून पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे घालायची सूचनाच आहे. इतर देशांच्या फॉर्ममध्ये कोठे रकाना रिकामा सोडता येतो, कोठे तेच नाव दोनदा लिहावे लागते. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या विमान कंपनीची पद्धत विचारून घ्यावी, कारण तिकिटावरचे नाव आणि व्हिसावरचे नाव यांत फरक पडला तर अडवणूक काउंटरवर होते.

त्यांच्यासह दुबईला जायचा बेत असेल तर तो मात्र सोडलेला बरा. पासपोर्टावर एकच शब्द असलेल्या व्यक्तीला पर्यटन व्हिसावर प्रवेश द्यायचा नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून ठरवले, आणि त्याचा फटका आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांनाही बसला. पासपोर्टात वडिलांचे नाव असणाऱ्या भारतीयांना त्यातून नंतर वाट मिळाली. व्याह्यांच्या पासपोर्टात ते नाही. इंडोनेशियात यावर एक तोडगा वापरात आहे : हज आणि उमरा यांसाठी नाव लांब लागते म्हणून तेथील इमिग्रेशन खाते आतल्या पानावर वडिलांचे व आजोबांचे नाव जोडल्याचा शेरा मारून देते. तो शेरा सौदी अरेबियासाठी उपयोगी पडतो. इतर देश तो मानतीलच असे धरून तिकिटे काढू नयेत.

प्रश्न : माझ्या भावजयीचा भाऊ सुराबायात राहतो. त्याला आम्ही युरोपात भेटणार होतो, पण त्याचा शेंगेन व्हिसा नाकारला गेला. कारण दिले की परत जाण्याच्या हेतूबद्दल वाजवी शंका आहे. आता दुसऱ्या देशाच्या वकिलातीत अर्ज करून नकाराचा उल्लेख टाळावा, असे एजंट सुचवतो. – एक वाचक, अलिबाग

उत्तर : त्या एजंटाचे ऐकू नये. शेंगेन देशांची माहिती एकाच यंत्रणेत साठवलेली असते. एका देशाने दिलेला नकार दुसऱ्याला पडद्यावर दिसतो. नकार म्हणजे बंदी नव्हे, पण नकार लपवणे ही खोटी माहिती ठरते आणि मग पुढचे सगळेच अर्ज अवघड होतात.

नकारपत्रावर कारणांचे ठरावीक रकाने असतात आणि त्यांपैकी एकावर किंवा अधिकांवर खूण केलेली असते. आपल्याकडे जी खूण आली आहे, तिचा अर्थ बहुधा असा, की अर्जदार तरुण, अविवाहित, नुकता नोकरीला लागलेला आहे किंवा स्वतःचा धंदा करतो, आणि त्याला परत ओढणारे काही कागदावर दिसले नाही. नोकरीचे पत्र, मंजूर रजा, घरातल्या व्यक्तींची नोंद असलेले कुटुंबपत्र, जमीन किंवा दुकान असल्यास त्याचे कागद, असे सारे पुन्हा पाहावे. खात्यातली रक्कम किती आहे यापेक्षा ती कशी आली याकडे अधिकाऱ्यांचे लक्ष असते. माझ्याच घरातील एक अर्ज कैक वर्षांपूर्वी याच कारणाने परत आला होता : काजूच्या बागेचा तुकडा विकून आलेली रक्कम अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात भरली होती आणि विक्रीचा कागद जोडावा हे आम्हा कोणाच्या डोक्यात आले नाही. पैसे खरे होते. कागदावर ते उसने आणून दाखवल्यासारखे दिसले. दुसऱ्या खेपेस खरेदीखताची प्रत लावली आणि व्हिसा आला.

अपिलाची सोय नकारपत्रात लिहिलेली असते, परंतु सहलीसाठी ती क्वचितच कामी येते, कारण निर्णय येईपर्यंत सहलीची तारीख निघून जाते. कागद सुधारून नवा अर्ज करणे बरे. भरलेले शुल्क परत मिळत नाही. आणि नव्या अर्जात मागील नकार स्पष्ट लिहून, या वेळी काय वेगळे जोडले आहे ते दोन वाक्यांत सांगावे.

प्रश्न : युरोप, अमेरिका राहू दे. आमची रत्नागिरीची मंडळी आणि सूनबाईंच्या माहेरची जकार्ताची मंडळी यांनी व्हिसाच्या कटकटीशिवाय चार दिवस एकत्र कोठे भेटावे? मुलगा आणि सूनबाई पुढे जपानलाही जाऊ म्हणतात. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मलेशियात भेटावे. आसियान या गटातल्या आग्नेय आशियाई देशांनी परस्परांच्या नागरिकांना व्हिसामाफी देण्याचा करार २००६ मध्ये क्वालालंपूरला केला, त्यामुळे जकार्ताच्या मंडळींना मलेशिया, सिंगापूर, थायलंड, व्हिएतनाम यांपैकी कोठेही पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. अडचण आपल्या बाजूची असते. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा घ्यावा लागतो. मलेशियाने मात्र भारतीयांना तीस दिवसांपर्यंतची माफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. पेनांगला गेलात तर समुद्र, नारळ आणि मासळी घरच्यासारखीच सापडेल, फक्त आमटीत नारळाचे दूध जरा सढळ हाताने असते.

जपानच्या बाबतीत नवलाईची गोष्ट अशी, की या वेळी अडणारा पासपोर्ट सूनबाईंचा नाही, मुलाचा आहे. इंडोनेशियाच्या ज्या नागरिकांकडे चिप असलेला ई-पासपोर्ट आहे, त्यांनी तो जपानी वकिलातीत आधी नोंदवला तर पंधरा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. ही सवलत १ डिसेंबर २०१४ पासून आहे आणि एकदा केलेली नोंद तीन वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते. इंडोनेशियात साधा आणि चिपचा असे दोन्ही पासपोर्ट मिळत आले आहेत. चिपच्या पासपोर्टाच्या मुखपृष्ठावर आडव्या आयतात वर्तुळ असलेली खूण असते. सूनबाईंचा पासपोर्ट साधा असेल तर ही सवलत नाही, आणि चिपचा असेल तर माहेरी जातील तेव्हाच तेथील जपानी वकिलातीत नोंद करून घ्यावी. मुलाला मात्र रीतसर पर्यटन व्हिसा काढावा लागेल. भारतातील रहिवाशांसाठी तो १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो आणि जपानच्या विमानतळावर फोनच्या पडद्यावर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. त्याची छापील प्रत तेथे चालत नाही.

मलेशियाला पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत दोन्हीकडच्या मंडळींनी तेथील आगमनाचे ऑनलाइन कार्ड भरायचे आहे. ते विनाशुल्क आहे, आणि लहान मुलांचेही वेगळे भरावे लागते.